जुन्या कॅसेट कन्व्हर्ट करताय? आधी या चुका टाळा

गणपतीला भावकी जमली, आरत्या झाल्या, जेवणं उरकली, की कुणाला तरी माळ्यावरच्या कॅसेटची आठवण होतेच. आजोबांचं गाऱ्हाणं, आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, वाडीतल्या डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची रात्र. "लाव रे, बघूया काय आसा तां," म्हणत डबा खाली येतो, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या ओळखीच्या लोकांच्या कॅसेट मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर कॉपी करून देते. बिघडलेल्या कॅसेट सगळ्यात जास्त येतात त्या गणपती झाल्यावर, पितृपक्षात.

यामागचं कारण साधं आहे. भाद्रपदापर्यंत माळ्यावरच्या त्या डब्याने तीन महिने पाऊस खाल्लेला असतो. कॅसेटची रीळ म्हणजे पॉलिएस्टरची पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली लोहचुंबकीय भुकटी. भुकटीला धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषतो आणि वर्षानुवर्षं ओल खात राहिला की मऊ, चिकट पडतो. त्यात बुरशी धरली तर वेढे एकमेकांना चिकटतात. म्हणजे घरात सगळ्यात जास्त उत्साह असतो तेव्हा रीळ सगळ्यात नाजूक अवस्थेत असते. म्हणून माझा नियम पक्का आहे: कॉपीचं काम दिवाळीनंतर, थंडी पडली की सुरू करायचं आणि शिमग्याच्या आत उरकायचं. गणपतीत फक्त ऐकायचं, तेही कॉपी केलेलं.

"एकदा लावून तर बघू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मालवणजवळच्या एका घरातलं सांगते. आजोबांनी गणपतीपुढे घातलेलं गाऱ्हाणं १९८०च्या दशकात कुणीतरी टेप केलं होतं. आजोबांचा आवाज असलेली घरातली ती एकमेव गोष्ट. मुंबईहून आलेल्या नातवाने कॅसेट काढली आणि शेजारच्यांचा जुना टेप आणला. रिळीच्या कडेला पांढरट पिठासारखं काही दिसत होतं, ते त्याने फुंकर मारून उडवलं आणि प्ले दाबलं. थोडा वेळ आवाज रडत-रडत आला, मग थांबला. झाकण उघडलं तर रीळ रबरी चाकाभोवती गुंडाळलेली. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या टेपचं रबर पाघळलेलं असतं आणि ते रीळ ओढून घेतं. इथपर्यंतही सगळं वाचलं असतं. पण पोराने घाईत कॅसेट ओढली, रीळ चुरगळली आणि तुटली. तुटलेली टोकं सेलोटेपने जोडून पुन्हा लावून पाहिली.

माझ्याकडे आली तेव्हा सेलोटेपचा गोंद सुटून शेजारच्या वेढ्यांना लागला होता. कॅसेट स्क्रूची होती म्हणून उघडता तरी आली. गोंदाने भिजलेला भाग कापावा लागला, टोकं खास जोडपट्टीने जोडली आणि रीळ दुसऱ्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात बसवली. आता ऐकलं तर आजोबा "बा देवा म्हाराजा" म्हणतात आणि त्यापुढची वाक्यं नाहीत. घराण्याची देवस्थानं आणि मूळपुरुष यांची नावं ज्यात होती, तेवढाच भाग गेला. उरला आहे तो पोरांचा एकसुरात "व्हय म्हाराजा", पुन्हा पुन्हा.

त्या मुलाला मी काही बोलले नाही, पण इथे स्पष्ट लिहिते. खराब झालेली रीळ कधी कधी एकदाच नीट वाजते. ती एक वेळ "बघूया काय आहे" यात घालवायची नसते. ती पहिल्यांदा वाजेल तेव्हा रेकॉर्डिंग सुरू असलंच पाहिजे.

मी काय करते ते सांगते. कॅसेट आली की उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून रिळीची कड पाहते. कड गुळगुळीत आणि एकसारखी तपकिरी हवी. पांढरे-राखाडी ठिपके किंवा कापसासारखे तंतू दिसले, की ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये जात नाही, पुढे-मागे पळवायलाही नाही. आधी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायची, आठवडा-दोन आठवडे. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं, पण निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून जेवणाचा तवा त्याला लावू नका. कॅसेट सुकली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने बुरशी झाडायची. घरात झाडलीत तर ती शेजारच्या कॅसेटवर जाऊन बसेल आणि तुमच्या छातीतही जाईल. मग चाकात सहा कोनांची पेन्सिल घालून हाताने हळूहळू फिरवायची. अडखळली तर थांबायचं, जोर नाही करायचा.

मशीनचंही तेच. हेड (रिळीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी चाक प्रत्येक कॅसेटआधी साफ करायचं. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, रबराला ओलसर कापड. मग आधी बाजारातली जुनी, नको असलेली कॅसेट अर्धा तास वाजवायची. ती सुखरूप बाहेर आली तरच आजोबांची पाळी. लोकांना हा अर्धा तास जड जातो. ज्याला तो जड जातो त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं, असं माझं मत आहे.

व्हिडिओ कॅसेटला बुरशी असेल तर घरी हात लावूच नका. व्हीसीआरचं हेड गरागरा फिरतं, एका कॅसेटची बुरशी तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. नवा व्हीसीआर मिळणारही नाही, जगातल्या शेवटच्या उत्पादकाने २०१६ साली तो बनवणं थांबवलं. चालू मशीन ज्याच्याकडे आहे त्याला जपा.

उन्हात वाळत घालणं

खळ्यात आंबोशी, कोकमं वाळत असतात म्हणून बाजूला कॅसेटही. करू नका. खोकं वाकतं आणि रीळ आकसून वेडीवाकडी होते. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. तांदळात पुरून ठेवणंही नको, पीठ आत जातं. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट असेल तर स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने चिखल धुऊन सावलीत वाळवा आणि जाणकाराकडे न्या.

खिट्टी न तोडणं

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात, व्हिडिओ कॅसेटला एक. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जात नाही. खिट्टी मोडून वर चिकटपट्टी लावलेली असेल तर ती पट्टी काढा. दोन सेकंदांचं काम आहे, पहिलं तेच करा.

स्पीकरसमोर मोबाइल धरणं

यात पंखा, कुकरची शिटी आणि शेजारचा कुत्रा रेकॉर्ड होतो, आजी मागे राहते. टेपच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो. मध्ये एक साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे टेपचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी छोटी डबी. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरतं. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या ठिकाणीही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे. फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही.

"कॅसेट थेट एमपी३ करून देणारी" स्वस्तातली छोटी मशीनं मिळतात, ती मला आवडत नाहीत. त्यांची मोटर एका वेगात चालत नाही, आणि ओवीचा सूर हलला की आजीचा आवाज आजीचा राहत नाही. जुना चांगला डेक शोधा, दुरुस्त करून घ्या.

आवाज घुसमटलेला येत असेल तर रीळ खराब झाली असं लगेच ठरवू नका. रिळीमागे तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो गळून पडला की आवाज दबतो. तो असूनही आवाज दबलेलाच असेल, तर ज्या टेपवर रेकॉर्ड केलं त्याचं हेड किंचित तिरकं असणार. हेडशेजारचा छोटा स्क्रू कानाने ऐकत केसभर फिरवला की एकदम "स" आणि "च" स्पष्ट होतात. मी हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करते. दुसऱ्याच्या मशीनवर मात्र करू नका.

"मधलं नको ते काढून टाकलं"

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती प्रेमाने केली जाते. देवगडकडच्या एका आजीच्या ओव्यांची कॅसेट होती. भाच्याने ठाण्यात बसून ती चांगली कॉपी केली, हेही सांगायला हवं. मग त्याने "सफाई" केली. ओव्यांच्या मधली बोलणी, खोकला, जात्याची घरघर काढली, वर नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने खरखर काढणं, पूर्ण चढवलं. एकेका ओवीची वेगळी फाइल केली, कच्ची फाइल पुसली, आणि "आता काय उपयोग" म्हणून कॅसेट भंगारात दिली. ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली. एक आत्या तेवढी म्हणाली, "मधी आये बोलता, तां खय गेला?"

त्या मधल्या बोलण्यात आजी सांगत होती की कुठली ओवी तिच्या आईची, कुठली जावेची आणि कुठली तिने स्वतः बांधली. ते आता आत्याच्या आठवणीत आहे तेवढंच. शिवाय नॉइज रिडक्शनने आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आहे, आणि जात्याची लय गेल्यामुळे ओवी कुठे उचलायची तेही कळत नाही.

म्हणून पहिली फाइल ही कच्ची फाइल. प्ले दाबण्याआधी रेकॉर्डिंग सुरू, रीळ संपेपर्यंत बंद नाही, दोन्ही बाजू पूर्ण. आवाज न दाबणाऱ्या डब्ल्यूएव्ही (WAV) फाइलमध्ये, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी लागते, आजच्या हार्ड डिस्कला ती काहीच नाही. या फाइलला नंतर कुणी हात लावायचा नाही. कापाकापी, सफाई, एमपी३, जे काय करायचं ते तिच्या कॉपीवर करा. आणि कॅसेट टाकायची नाही, कॉपी झाली तरी नाही.

स्टुडिओत लग्नाची कॅसेट देताना हेच ठणकावून सांगा. तालुक्याच्या गावी एकाने वरातीचा मूळ आवाज काढून सनईचं तयार संगीत आणि पडद्यावर पडणाऱ्या पाकळ्या घालून दिल्या होत्या. आत काय-काय बोलणं होतं ते कायमचं गेलं. "आहे तसं, न कापता, फाइल द्या" असं कागदावर लिहून द्या.

नातेवाइकांना पाठवताना

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. पण ग्रुप म्हणजे साठवण नव्हे. फोन बदलला, मेमरी भरली, की पहिलं तेच पुसलं जातं. ऐकायला ग्रुपवर एमपी३ द्या, आणि मूळ फाइलची गूगल ड्राइव्हची लिंक घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा.

पाठवण्याआधी पूर्ण ऐका. अगदी शेवटपर्यंत. कॅसेट चालू राहून गेलेली असते आणि गाणी संपल्यावर ओटीवरचं बोलणं त्यात आलेलं असतं: कलमांच्या बागेची वाटणी, कुणाचं कर्ज, कुणाच्या सुनेबद्दल काही. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा-वीस नावं असतात. ३० वर्षांपूर्वीच्या आजोबांच्या एका वाक्यावरून आज दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. असा भाग कच्च्या फाइलीत राहू द्या, ग्रुपवर नको. ज्याचा आवाज आहे ती व्यक्ती हयात असेल तर आधी तिला ऐकवा आणि विचारा. यूट्यूबवर सगळ्यांना दिसेल असं तर घरातल्या सगळ्यांच्या होकाराशिवाय टाकूच नका.

गणपतीत करायचं खरं काम हे आहे. कॉपी झालेला आवाज लावायचा, शेजारी म्हाताऱ्या माणसांना बसवायचं आणि वहीत लिहायचं: कितव्या मिनिटाला कोण बोलतंय, कुठल्या घरातला, साल अंदाजे कुठलं, गाव कुठलं. "ऑडिओ००१" नावाची फाइल २० वर्षांनी कुणालाच कळणार नाही. मी फाइलीच्या नावातच साल, गाव आणि माणूस लिहिते, आणि कॅसेटच्या कागदावरचं जुनं अक्षरही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवते.

सगळं एकाच घरात ठेवणं

३ जून २०२०ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे छपरं उडाली, २२ जुलै २०२१ला चिपळुणात घरं पाण्याखाली गेली. कपाटातली हार्ड डिस्क आणि शेजारची कॅसेट दोन्ही एकदमच जातात. तीन प्रती हव्यात: एक गावी, एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे, एक क्लाउडवर. गूगलची फुकटची १५ जीबी घरच्या पाच-दहा कॅसेटना पुरते, पुढे पैसे भरा. पेन ड्राइव्ह ही पोचवायची वस्तू आहे, ठेवायची नव्हे. सीडी-डीव्हीडीलाही आपल्या हवेत बुरशी लागते.

हार्ड डिस्क दर दिवाळीला एकदा लावून दोन-चार फाइली उघडून बघा, आणि पाचेक वर्षांनी नवीन डिस्कवर कॉपी करा. ड्राइव्हचा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत हवा, त्यातला एक तरुण.