ट्रिप्सिनची रचना उघडल्यावर काय बघायचं

प्रोटीएजवर, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांवर, काम करायला येणाऱ्यांना मी आधी एक फाईल उघडायला लावते: प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली २पीटीसी. गाईचं ट्रिप्सिन हे एन्झाइम आणि त्याला घट्ट चिकटलेला बीपीटीआय हा इनहिबिटर, म्हणजे त्याचं काम अडवणारं छोटं प्रथिन. नुसत्या एन्झाइमच्या रचनेत कात्री दिसते, कापड दिसत नाही. इथे दोन्ही दिसतात.

फाईल पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. 'ई' साखळी ट्रिप्सिनची, 'आय' बीपीटीआयची. दोन्हींना वेगळे रंग द्या. मग ट्रिप्सिनमधले हिस्टिडीन ५७, ॲस्पार्टेट १०२ आणि सेरीन १९५ ही तीन अमिनो आम्लं ठळक करा. क्रमांक मधेच उड्या मारतात, पण फाईल ठीक आहे. या कुटुंबात सगळ्यांना कायमोट्रिप्सिनोजेनचे (कायमोट्रिप्सिन या भावंड-एन्झाइमचं अजून निष्क्रिय असलेलं रूप) क्रमांक देतात, म्हणून ते सेरीन सगळीकडे १९५च.

हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन घेतं आणि सेरीनचा ऑक्सिजन पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर चाल करतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. आता अंतर मोजा. सेरीन १९५च्या बाजूच्या साखळीतला (साइड चेन) ऑक्सिजन ते बीपीटीआयमधल्या लायसीन १५चा कार्बोनिल कार्बन: सुमारे २.७ अँगस्ट्रॉम. बंध म्हणावा तर लांब, नुसते शेजारी म्हणावेत तर फारच जवळ.

इथेच थोडं थांबा. त्या कार्बोनिलचा ऑक्सिजन कुठे वळलाय? ग्लायसीन १९३ आणि सेरीन १९५ यांच्या कण्यातल्या एनएच गटांकडे. हे ऑक्सिॲनायन होल. बाजूच्या साखळ्याच तेवढ्या बघणाऱ्यांच्या नजरेतून ते हमखास सुटतं, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. अभिक्रियेत ऑक्सिजनवर येणारा ऋणभार इथे सांभाळला जातो. कायमोट्रिप्सिनोजेनमध्ये ५७, १०२ आणि १९५ हे तिघे जवळपास जागेवरच असतात, पण हे होल नीट तयार झालेलं नसतं. साखळी १५ आणि १६ यांच्यामध्ये तुटते, आयसोल्युसीन १६चं मोकळं टोक आत वळून ॲस्पार्टेट १९४शी जोडलं जातं, तेव्हा कुठे ते घडतं.

आता लायसीन १५च्या बाजूच्या साखळीमागे खळग्यात उतरा. तळाशी ॲस्पार्टेट १८९ आहे. पाण्याचे रेणू लपवू नका: लायसीनचा धनभार आणि हा ऋणभार यांच्यामध्ये पाणी आहे. आर्जिनीन लांब असल्यामुळे थेट पोचतं. ट्रिप्सिन या दोघांच्याच पुढे कापतं ते यामुळे.

कायमोट्रिप्सिनमध्ये १८९ला सेरीन असतं. मग ट्रिप्सिनमध्ये तेवढाच बदल केला तर? करून पाहिला गेलाय. त्यातून चांगलं कायमोट्रिप्सिन मिळालं नाही. १९९२मध्ये हेडस्ट्रॉम, सिलागी आणि रटर यांनी खळग्याच्या भिंतींबरोबर पृष्ठभागावरची दोन वळणंही बदलली, तेव्हा कायमोट्रिप्सिनसारखी क्रिया दिसली. ही वळणं सब्स्ट्रेटला, म्हणजे कापल्या जाणाऱ्या रेणूला, थेट शिवतही नाहीत. १८५ ते १८८ आणि २२१ ते २२५ हे भाग तिसऱ्या रंगात रंगवा आणि लायसीन १५पासून ती किती लांब आहेत, तेही मोजा.