नागपुरात राहून गोठलेल्या मातीचा अभ्यास

इथं बसून गोठलेल्या मातीवर काम होतं का, असं एमएस्सीची मुलं विचारतात. होतं. आपली जमीन गोठत नाही, पण तपासणीला आलेले मातीचे नमुने गोठवावे लागतात, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

फ्रीझरमध्ये टाकलेला नमुना जसाच्या तसा राहतो, हा समज आधी सोडा. पाण्याचा बर्फ होताना विरघळलेले क्षार, धातू, कीटकनाशकं बर्फाबाहेर ढकलली जातात. शून्याखालीही मातीच्या बारीक कणांभोवती पाण्याचा पातळ थर द्रवच राहतो आणि हा सगळा माल त्यात साठतो. काळ्या मातीत स्मेक्टाइट, म्हणजे खूप बारीक कणांचं चिकणमातीचं खनिज, भरपूर, म्हणून असं न गोठलेलं पाणीही जास्त.

पण माझ्या मते खरी गंमत वितळताना आहे. ओलं काळं ढेकूळ रात्रभर उणे 20 अंशांत ठेवा, सकाळी काचेच्या बशीत काढा. बर्फ सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो, त्यामुळे ढेकूळ आतून उललेलं असतं. वितळल्यावर बोटानं दाबलं तर भुसभुशीत लागतं. जीवाणूंच्या पेशीही फुटतात, सेंद्रिय कार्बन सुटतो आणि त्याला धरून तांब्यासारखे धातू पाण्यात उतरू शकतात. सैबेरियात हे निसर्ग करतो. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की फ्रीझर करतो.

म्हणून आधी तपासणी ठरवा, मग साठवण. एकूण धातू मोजायचे तर माती सावलीत वाळवून 2 मिमीच्या चाळणीतून काढा, गोठवूच नका. जीवाणूंचं काम असेल तर 4 अंश, आणि शक्य तितकं लवकर. कीटकनाशकांसाठी उणे 20, पण छोट्या भागांत, म्हणजे लागेल तेवढंच बाहेर निघेल. पेट्रोलसारखे उडणारे पदार्थ असतील तर वाळवणं-चाळणं विसरा.

नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1958 पासून इथं आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडवर आहे. पण प्रोजेक्ट कॉलेजातही होतो: एकाच मातीचे दोन भाग, एक 4 अंशांत, दुसरा वारंवार गोठवून-वितळवून, आणि दोन्हींतून पाण्यात सुटणारं तांबं मोजायचं.

इंटर्नशिपला गेलात की पहिल्याच आठवड्यात फ्रीझरची नोंदवही मागा. तापमान कधी, किती वेळ चढलं हे त्यात नसेल, तर ती नोंद तुम्हीच सुरू करा.