बर्फावर पोर सोडताना

आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा हॉकीसाठी बर्फावर उतरला, तेव्हा मी काचेपलीकडे उभी राहून मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. आता तो बारा वर्षांचा आहे आणि मी त्याच्या संघाची ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे खेळ शिकवणारी नव्हे. प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसायचं आणि कोणी पडून उठलं नाही तर आत जायचं, एवढंच माझं काम. दर सप्टेंबरात इथे कॅनडात, ओटावात नव्याने आलेल्या एखाद्या मराठी घरातून फोन येतो, "पोराला घालू का हॉकीत? लागत तर नाही ना फार?"

लागतं. साताऱ्यात मी खो-खो खेळायचे, तिथेही लागायचं. तरी घाला. इथला हिवाळा सरळ पाच महिने मुक्काम ठोकतो, तेवढा काळ पोर सोफ्यावर बसवून ठेवणं मला जास्त भीतीचं वाटतं. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "लेकराला फ्रीजमध्ये कशाला घालता गं?" पण फ्रीजमध्ये घालायचं तर नीट झाकून घालावं, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात स्केटच्या बुटांपासून. आपली सवय अशी की, पुढच्या वर्षीही होतील म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचे. शाळेच्या बुटांना ते चालतं, इथे नाही. बूट सैल असला की घोटा आत लचकतो आणि पोर बर्फावर चालतं, घसरत नाही. स्केट साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. पायात घालून, नाड्या बांधून उभं करा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकायला हवीत. टाच आत वर उचलली जाता कामा नये. मोजा पातळ आणि एकच. जाड लोकरीचे दोन मोजे घातले तर पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गारठतो. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. पोरगा रडत बाहेर आला, तर मी त्यावर तिसरा मोजा चढवायला निघाले होते!

गुडघ्याचे, कोपराचे पॅड जुने घ्या, खुशाल घ्या, पोरं दर वर्षी वाढतात. हेल्मेट मात्र नवंच घ्या. जुन्याने आधी किती मार खाल्लाय ते वरून दिसत नाही. कॅनडाच्या मानकाचा सीएसएचा शिक्का बघा. भुवयांच्या वर साधारण एका बोटाचं अंतर राहायला हवं, आणि डोकं जोरात हलवलं तरी हेल्मेट मागेपुढे होता कामा नये. बालहॉकीत चेहऱ्यावर पूर्ण जाळी आणि गळ्याला नेकगार्ड सक्तीचे आहेत. नेकगार्ड टोचतो म्हणून पोरं तो खाली ओढतात, तिकडे लक्ष ठेवा. स्केटचं पातं सुरीसारखं असतं. नुसतं स्केटिंग शिकायला जातानाही सायकलचं हेल्मेट नको, हॉकीचंच घाला. नवशिकं पोर बर्फावर बहुतेकदा मागे पडतं आणि हॉकीचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू जास्त झाकतं.

मग पडायला शिकवा. हो, आधी पडायला. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं आणि लगेच मुठी मिटायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाणार नाही. उठताना आधी रांगायच्या स्थितीत यायचं, मग एक पाय रोवायचा. आम्ही हे घरातल्या गालिच्यावर शिकवलं. भिंतीकडे, म्हणजे बोर्डांकडे जाताना तिरकं जायचं आणि मान वर ठेवायची. धडकणार असं वाटलं की पोरं डोकं खाली घालतात. तेव्हा मान सरळ रेषेत येते आणि सगळा दणका मणक्यांवर बसतो. मुद्दाम अंगावर धडक देणं अकरा-बारा वर्षांच्या गटातून २०१३ सालीच बंद झालं, पण चुकून होणारी धडक कोण बंद करणार?

उघड्यावर खेळताना खरा प्रश्न थंडीचा. फोनवर तापमान बघू नका, वाऱ्यासकटचा आकडा बघा. तो उणे २८च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४०च्या खाली पाच-दहा मिनिटांतच. अंगाला लागून सुती गंजी नको. घामाने ती ओली होते आणि मग थंड फडक्यासारखी चिकटते. आत लोकर किंवा खेळाचं सिंथेटिक कापड, त्यावर उबेचा थर, वर वारा अडवणारं जाकीट. मफलर नको, तो कशात तरी अडकतो. गळ्यात नळीसारखं घालायचं ते घ्या. गाल किंवा कानाची पाळी पांढुरकी पडून बधिर झाली तर लगेच आत न्या. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. उबदार तळहात नुसता टेकवून ठेवा, बोटं काखेत धरायला सांगा. हीटरला लावू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी मागायची वाट न बघता द्या. खाऊ म्हणून आपली शेंगदाण्याची चिक्की काढू नका, संघात कोणाला ना कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असतेच. राजगिऱ्याचे लाडू चालतात आणि पोरं मागून घेतात. दम्याचं पोर असेल तर पंप बॅगेत नको, माझ्या पेटीत द्या. कोरड्या गार हवेत दम लागतो तेव्हा बॅग शोधायला वेळ नसतो.

तळ्यावर, नदीवर उतरणार असाल तर बर्फ मोजलेला असल्याशिवाय नाही. एकट्याने चालायला किंवा स्केटिंगला पंधरा सेंटिमीटर आणि घोळक्याने खेळायला वीस, असं कॅनडाचं रेडक्रॉस सांगतं. निळसर, काचेसारखा बर्फ भक्कम असतो, पांढरा त्याच्या निम्म्या ताकदीचा आणि करडा दिसला तर मागे फिरा. आमच्या इथल्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट असते. १९७०-७१पासून दर हिवाळ्यात उघडणारी ही वाट २०२३मध्ये एक दिवसही उघडली नाही, इतका बर्फ कच्चा राहिला. "मागच्या वर्षी इथे खेळलो होतो" याला आता काही अर्थ उरलेला नाही. लाल झेंडा दिसला तर गाडी वळवा, पोरं कितीही भोकाड पसरोत.

टेकडीवरून घसरायला जाल तेव्हा उतार संपतो तिथे झाडं, रस्ता किंवा तळं नाही ना, हे आधी चालत जाऊन बघा. बसून, पाय पुढे करून घसरायचं. पोटावर, डोकं पुढे करून नाही. वर चढताना कडेने चढायचं. हेल्मेट इथेही.

आता डोक्याच्या माराबद्दल. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा थांबवत नाही. त्या हादऱ्याला कंकशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, डोक्यालाच लागावं असंही नाही. अंगावर जोराची धडक बसून मान झटकली गेली तरी पुरतं. मुलगा गोंधळलेला दिसतो, तेच तेच विचारतो, उजेड सोसत नाही, मळमळतं, नेहमीपेक्षा चिडचिड करतो. यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. "थोडं बसून मग जातो" नाही. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, मान दुखत असेल, हातपाय बधिर होत असतील, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर ९११ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करा, आणि मदत येईतोवर पोराला हलवू नका. एरवीही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवा. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल अगदी कमी, मग हळूहळू हालचाल. आधी शाळा, मग खेळ. अंगाला अंग लागेल असा सराव डॉक्टरने लिहून दिल्यावरच.

गेल्या वर्षी माझाच मुलगा शुक्रवारी सरावात पडला. "काही नाही झालं," म्हणाला. रविवारी महत्त्वाचा सामना होता. शनिवारी सकाळी पोह्यांना हात लावेना आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद कर म्हणाला. त्याचं डोकं रात्रभर दुखत होतं आणि मी, संघाची ट्रेनर, शेजारच्या खोलीत झोपले होते. रागवायला तोंड उघडलं आणि आठवलं, आंतरशालेय सामन्याआधी सुजलेला घोटा मीही आईपासून लपवला होता, दोन मोजे चढवून.

याच शहरातली रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी २०१३ साली गेली. एका आठवड्यात तिच्या डोक्याला एकापेक्षा जास्त वेळा मार बसला होता. डोकं दुखतंय हे तिने मैत्रिणींना कळवलं होतं, मोठ्यांना नाही. तिच्या नावाचा कायदा २०१८मध्ये आमच्या ऑंटारिओ प्रांतात झाला. त्यामुळे नाव नोंदवताना कंकशनची माहिती वाचून सही करावी लागते, दर वर्षी. ती सही फोनवर बोट फिरवून उरकू नका. पोराला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा, हवं तर मराठीत सांगा.

आमच्याकडे गेल्या वर्षीच्या त्या शनिवारपासून एक ठरलं आहे. सामन्यानंतर गाडीत बसल्यावर गोल किती झाले हे मी विचारत नाही. आधी विचारते, "कुठे लागलं?" "लागलं का?" असं विचारलं की उत्तर नेहमी नाहीच येतं. "कुठे" विचारलं की तो डोक्यापासून पायापर्यंत आठवून बघतो आणि काही ना काही सांगतोच. परवा म्हणाला, "अंगठा. पण बर्फावर नाही, बॅग उचलताना." तेवढ्यासाठी मी पेटी उघडली.