पीयूसीच्या आधी ओटू सेन्सरचा हीटर तपासा

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१३५ किंवा पी०१४१, म्हणजे ओटू सेन्सरच्या हीटरचा कोड दिसला, की लोक थेट नवा सेन्सर मागतात. हा सेन्सर सायलेंसरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजतो. दारव्ह्याकडे माझं गॅरेज आहे. मी आधी हीटर आणि त्याची वायर पाहतो, पैसे त्यानंतर.

साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय हा सेन्सर नीट काम करत नाही. रस्त्यावर सायलेंसरची उष्णता पुरते. पीयूसीच्या रांगेत गाडी आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवून, उभी राहते, पाइप निवतो, आणि हीटर बंद असला की सेन्सरही गप्प होतो. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अंदाजानं पेट्रोल सोडतो आणि धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढू शकतो. बीएस-४, बीएस-६ पेट्रोल कारला आयडलवर सीओची हद्द फक्त ०.३ टक्के आहे, भाऊ.

सकाळी, इंजिन गार असताना कनेक्टर काढा. लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर बहुधा हीटरच्या असतात. सेन्सरच्या बाजूनं त्यांच्यात मल्टीमीटरनं ओम मोजा. बहुतेक गाड्यांत ३ ते १५ ओमच्या दरम्यान येतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, सेन्सर बदला.

ओम बरोबर आले तर फ्यूज पाहा, मग गाडीकडची वायर. चावी ऑन करून गाडीकडच्या कनेक्टरात हीटरच्या सप्लाय वायरला १२ व्होल्ट येतात का पाहा. काही मॉडेलांत इंजिन चालू केल्यावरच करंट येतो. इथं नुसत्या मीटरवर विसंबू नका. गेल्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याची गाडी आली. कापूस भरलेल्या छपरीतच ती उभी असायची. मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवत होता. सप्लाय वायर आणि बॉडी यांच्यात पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब लावला, तर नुसती लाल तार दिसली. टेप उकलत गेलो. इंजिनच्या मागच्या कोपऱ्यात उंदरानं कापसाचं घरटं केलेलं, आणि वायरचा एकच हिरवा पडलेला धागा शिल्लक. मीटरला तेवढा धागा पुरतो, हीटरला नाही. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली. सेन्सर जुनाच राहिला.

कोड पुसा. रात्रभर गाडी गार होऊ द्या, सकाळी स्टार्ट करून स्कॅनर पुन्हा लावा. कोड परतला नाही तर पंधरा-वीस मिनिटं चालवून, इंजिन गरम असतानाच पीयूसीला न्या.