व्हीआरमध्ये इम्प्लांट शिकवताना या चुका टाळा

डेंटल कॉलेजात व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट आला की पहिला आठवडा रांग लागते. मग हळूहळू तो कपाटात जातो आणि पीजीची मुलं म्हणू लागतात, "सर, यात हाड लागतच नाही हाताला." त्यांचं बरोबरच आहे. पण दोष बहुतेक वेळा हेडसेटचा नसतो, त्याच्याकडून भलतंच काम मागितलेलं असतं. व्हीआरमध्ये डोळा तयार होतो, पायऱ्यांचा क्रम पक्का होतो, कुठे थांबायचं हे ठरवायची सवय लागते. हात तयार होतो तो हाडावरच. ही वाटणी शिकवणाऱ्याच्या मनात साफ नसेल, तर खालच्या बऱ्याच चुका ओघानेच होतात.

बोलणं नेमकं राहावं म्हणून एकच केस धरू. खालची डावी पहिली दाढ, म्हणजे ३६, काढून बरेच महिने झालेत, हाड भरलंय, आणि तिथे एक इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसणारा स्क्रू, बसवायचा आहे. खाली नसेचा कॅनल (नस जाते ती हाडातली नळी), जिभेच्या बाजूला हाडातला खळगा. शिकाऊ डॉक्टरला पहिल्यांदा मिळते ती साधारण अशीच केस.

थरथर म्हणजे स्पर्श नव्हे

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. ड्रिल हाडाला टेकला की हातात धरलेला कंट्रोलर थरथरतो आणि मुलांना वाटतं, हाड जाणवलं. पण कंट्रोलर हाताला अडवू शकत नाही. पडद्यावरचा ड्रिल हाडाशी थांबलेला असतो, हात मात्र चार बोटं पुढे गेलेला असतो. लेकहोम आणि झार्ब यांनी १९८५ मध्ये हाडाचे चार प्रकार सांगितले. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं दगडासारखं हाड आणि वरच्या मागच्या भागातलं पोकळ हाड यांत ड्रिलखाली जो फरक पडतो, तो कंट्रोलरच्या थरथरीतून कळणं शक्य नाही.

मग हॅप्टिक हात, म्हणजे हाताला खरोखर अडवणारं यंत्र, घ्यावा का? घ्यावा, पण त्याचीही मर्यादा माहीत असावी. ॲमस्टरडॅमच्या 'आक्टा' या दंतवैद्यक संस्थेच्या सहभागातून तयार झालेल्या सिमोडॉन्टसारख्या यंत्रांत अडथळा खरोखर जाणवतो. पण टेबलावर ठेवायचा 'टच' नावाचा छोटा हॅप्टिक हात जास्तीत जास्त ३.३ न्यूटन जोर देतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश किलो वजन. घट्ट हाडाचा भास तेवढ्यात होत नाही. विद्यार्थ्याने जोर वाढवला की यंत्र हार मानतं.

उपाय साधा आहे. जोर, टॉर्क (पिळण्याचा जोर), हाडाची घनता हे विषय व्हीआरच्या गुणपत्रिकेतून सरळ काढून टाका. ते फोमच्या ब्लॉकवर किंवा खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या जबड्यावर शिकवा, आणि त्याच आठवड्यात शिकवा. महिनाभराने नको.

उष्णतेचंही तसंच. हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट राहिलं की त्याला इजा होते, हे आपण सगळेच शिकलो. व्हीआरमधलं हाड तापत नाही. त्यामुळे मुलं ड्रिल एका दमात तळापर्यंत नेतात, आणि ही खोड लागली की सुटत नाही. ॲप बनवणाऱ्याला सांगून ड्रिल सलग किती सेकंद हाडात राहिला याचा आकडा दाखवून घ्या. जमत नसेल तर शेजारी उभं राहून "बाहेर काढ, सलाइन आत जाऊ दे" असं सांगत राहा.

खोलीच्या बाबतीत मात्र व्हीआर खरोखर उपयोगी पडतो, आणि नेमकं तिथेच त्याला वापरलं जात नाही. कॅनलचं छत लागलं की हाताला कळेल, या भरवशावर कोणी राहू नये. खोली मोजायची ती ड्रिलवरच्या रेघांनी आणि एक्स-रेने. कॅनलपासून निदान २ मिलिमीटर अंतर सोडायचं, हे पाठ सगळ्यांचं असतं. पण बऱ्याच सिस्टिममध्ये ड्रिलचं टोकदार टोक रेघेच्या मापात धरलेलं नसतं, त्यामुळे १० मिलिमीटरच्या रेघेपर्यंत गेलात तरी टोक त्याहून खाली पोहोचतं. ॲपमधला ड्रिल म्हणजे नुसता सपाट नळकांडं असेल तर हा धडाच गळतो. तुमच्या किटमधल्या ड्रिलचा कंपनीचा तक्ता काढा आणि ॲपमधल्या ड्रिलशी ताडून पाहा.

हात हवेत तरंगू देऊ नका

इम्प्लांटचा हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) धरताना अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली असते. व्हीआरमध्ये शेजारचा दात दिसतो, पण त्यावर बोट टेकत नाही. परिणाम असा की मूल आधाराशिवाय ड्रिल करायला शिकतं. त्यातून कंट्रोलर धरायची पद्धत मुठीची. पेनासारखी पकड तिथे बसतच नाही.

यावर जुगाड करता येतो आणि तो चांगला चालतो. प्रीक्लिनिकलमधलं फँटम हेड (सरावाचं कृत्रिम डोकं) टेबलावर पक्कं बसवा, आणि आभासी पेशंटचं तोंड त्याच जागी जुळवून घ्या. आता बोट खऱ्या प्लास्टिकच्या दातावर टेकतं. कंट्रोलरला थ्रीडी प्रिंट केलेला कॉन्ट्रा-अँगलच्या, म्हणजे वाकड्या मानेच्या हँडपीसच्या, आकाराचा जोड लावा. पण जोड लावला की टोकाची जागा बदलते, हे विसरू नका. तपासायला एखाद्या खाचेत टोक रोवा आणि हँडपीस चहूबाजूंनी फिरवा. पडद्यावरचं टोक एकाच जागी राहिलं पाहिजे. ते भोवऱ्यासारखं फिरत असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. तोवर त्या दिवशीचे कोन आणि खोलीचे गुण कुणालाही देऊ नका.

डावखुऱ्यांसाठी ॲपमध्ये ट्रे आणि सक्शन दुसऱ्या बाजूला घेता येतात का, हे खरेदीआधी विचारा. नंतर सोय होत नाही.

हिरवी रेघ आणि गुणांचा मोह

बऱ्याच ॲपमध्ये ड्रिल योग्य कोनात असला की रेघ हिरवी होते. पहिले एकदोन प्रयत्न ती ठीक आहे. नंतर मुलं हाड बघायचं सोडून रेघ बघतात, आणि रेघ गेली की कोन पुन्हा जुनाच. म्हणून त्यानंतर रेघ बंद ठेवा. ड्रिलिंग संपल्यावर ठरवलेली आणि प्रत्यक्ष झालेली जागा एकावर एक दाखवा: सुरुवातीचा बिंदू किती सरकला, टोक किती सरकलं, कोन किती चुकला. त्याआधी विद्यार्थ्याला स्वतःचा अंदाज तोंडी सांगायला लावा. माझ्या मते सगळ्या सत्रातली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं हीच.

कोन उत्तम पण इम्प्लांट शेजारच्या मुळापासून १.५ मिलिमीटरच्या आत, असंही होतं, आणि ॲप तरी चांगले गुण देतं. ३६ ला जिभेच्या बाजूचा पत्रा (हाडाची पातळ भिंत) फुटला तर जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वासाला धोका होऊ शकतो. अशा चुकांना ॲपमध्ये गुणवजाबाकी नको, केस तिथेच थांबली पाहिजे.

३६ चा ४६ झाला तर

स्वतःच्या पेशंटचा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) ॲपमध्ये घालणाऱ्यांसाठी हा भाग. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली दाढ. डायकॉम या स्कॅनच्या फाइलची अक्षपद्धत उजव्या हाताची, युनिटी या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरची डाव्या हाताची. आयात करताना लक्ष गेलं नाही तर जबडा आरशातल्यासारखा उलटा येतो आणि दिसतो मात्र अगदी ठीक. रिकामी जागा डावीकडेच आहे ना, हे दर वेळी तपासा. एसटीएल (थ्रीडी मॉडेलच्या) फाइलमध्ये एकक लिहिलेलं नसतं, म्हणून एखाद्या दाताची रुंदी मोजून मापही पडताळा.

हाड आपोआप वेगळं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनल तुटक येतो, पातळ पत्र्याला भोकं पडतात, शेजारी धातूचा कॅप असेल तर रेषा उठतात. कॅनल हाताने आखा. मॉडेल जड म्हणून चित्र अडखळत असेल तर मॉडेलची जाळी (पृष्ठभागाचे छोटे तुकडे) हलकी करा, पण कॅनल आणि हाडाचा वरचा काठ सोडून. पेशंटचं नाव डायकॉमच्या आतच लिहिलेलं असतं, ते काढल्याशिवाय फाइल ॲपवाल्याला पाठवू नका. पेशंटची संमती त्याही आधी घ्या.

किरकोळ, पण सत्र बंद पाडणाऱ्या गोष्टी

धूसर दिसतंय? आधी हेडसेट वरखाली सरकवून पाहा, मग दोन बुबुळांमधलं अंतर लावा. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये त्यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत, मधल्या अंतराच्या मुलांना जवळची खाच निवडावी लागते.

डोकं दुखतंय? हेडसेटच्या लेन्स एक मीटरपलीकडे फोकस केलेल्या असतात आणि आपण काम करतो तोंडापासून हातभर अंतरावर, त्यामुळे डोळ्यांची ओढाताण होते. पंधरा-वीस मिनिटांनी हेडसेट काढायला लावा. कुणाला मळमळ सुरू झाली तर "थोडं राहिलंय, संपव" म्हणू नका.

हात उड्या मारतोय? खिडकीतलं ऊन, भिंतीवरचा आरसा किंवा कंट्रोलरचा उतरलेला सेल, यांतलं काहीतरी असतं. ऊन लेन्समधून आतल्या पडद्यावर पडलं तर तो जळतो, म्हणून हेडसेट खिडकीशी लेन्स वर करून ठेवू नका. चेहऱ्याच्या पट्टीला धुता येणारं सिलिकॉनचं कव्हर घाला, आणि लेन्स स्पिरिटने पुसू नका, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा.