स्क्रोलिंग थांबत का नाही, आणि ते आटोक्यात कसं आणायचं

पाच मिनिटांसाठी फोन हातात घ्यावा आणि पाऊण तास निघून जावा, यात दोष इच्छाशक्तीचा कमी आणि फीडच्या, म्हणजे अ‍ॅपमध्ये एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्टच्या, रचनेचा जास्त असतो. कळ दाबल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, तर प्राणी ती दाबतच राहतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. फीड नेमकं तसंच चालतं. दहा पोस्ट रटाळ, अकरावी भन्नाट. पुढची कशी असेल या उत्सुकतेपोटी अंगठा सरकत राहतो. पूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ असायचं, तिथे क्षणभर तरी थांबावं लागे. 2006 मध्ये डिझायनर अझा रॅस्किन यांनी न संपणारं पान तयार केलं, आणि ती थांबण्याची जागाच गेली. आपल्याला ती परत आणायची आहे.

आधी आठवडाभर काहीही न बदलता नोंद ठेवा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’, अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा. एकूण तासांपेक्षा फोन दिवसातून किती वेळा उघडला आणि कोणत्या वेळी, हे महत्त्वाचं. बहुतेकांच्या ठरावीक दोन-तीन वेळा निघतात: अंथरुणात, जेवताना, कंटाळवाणं काम सुरू करण्याआधी. उपाय तिथेच करा, दिवसभर फोनशी झगडत बसू नका.

सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या एकाच अ‍ॅपपासून सुरुवात करा. ते फोनमधून काढा. पण एवढ्यावर थांबलात तर दोन दिवसांत तेच ब्राउझरमधून सुरू होतं, म्हणून तिथूनही लॉग आउट करा आणि सेव्ह केलेला पासवर्ड पुसा. दर वेळी पासवर्ड टाइप करावा लागला, की बऱ्याचदा मनच म्हणतं, जाऊ दे. यूट्यूब काढायचं नसेल तर ‘वॉच हिस्टरी’ बंद करा आणि जुनी पुसून टाका. मुखपृष्ठावरच्या शिफारशी जातात, हवं ते शोधून पाहता येतं.

आयफोनवर वेळमर्यादा लावायची तर तिचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. तो स्वतःकडे ठेवला, तर मर्यादा झुगारणं क्षणाचं काम असतं.

नोटिफिकेशन फक्त फोन कॉल आणि माणसांनी थेट पाठवलेल्या मेसेजची ठेवा. स्क्रीन कृष्णधवल करून काहींना फरक पडतो. फोटो पाहताना अडचण होते, तेव्हा चालू-बंदचा शॉर्टकट लावून घ्या.

रात्रीसाठी चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर हलवा आणि गजराचं वेगळं घड्याळ घ्या. ‘गजर लावायचाय’ हीच फोन उशाशी ठेवायची सबब असते. पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल, चुळबुळ होईल. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं उठून काहीतरी करा. ओढ बहुधा तेवढ्यात ओसरते. मात्र काळजी किंवा दुःख विसरायला स्क्रोलिंग होत असेल, झोप आणि काम दोन्ही बिघडत असेल, तर सेटिंग बदलून भागणार नाही, समुपदेशकाशी बोला.