शाळेच्या होर्डिंगवरचे लोगो कसे वाचायचे (इंदूरच्या आईबाबांसाठी)

जून आला की पलासियापासून गीता भवनपर्यंत कुठेही बघा, कुणाचं ना कुणाचं लेकरू होर्डिंगवर हसत असतं, खाली एक आडवा पट्टा आणि त्यात मुलं जिथे लागली त्या कॉलेजांचे लोगोच लोगो. सकाळी पेपर उघडला तर जे पहिलं पान वाटतं तीही शाळेचीच जाहिरात निघते. आपण पोहे खाता खाता बघतो आणि मनात हिशोब सुरू होतो, की फी लाखांत आहे खरी पण बघा ना किती मुलं लागली.

मी पण असंच बघायची. मग 2025 मध्ये माझी मोठी बारावी झाली आणि त्या पट्ट्यात बाहेरच्या युनिव्हर्सिटींचे चार लोगो एकट्या तिचे होते. आणि ती गेली कुठे, तर पुण्याला, फ्लेम युनिव्हर्सिटीला. चारही ठिकाणहून ऑफर आली होती हे खरंय, शाळेने खोटं काहीच छापलं नव्हतं, फक्त स्कॉलरशिप वजा करून उरलेली रक्कम बघितल्यावर आम्ही दोघं नवराबायको रात्रभर गप्प बसलो होतो ते काही होर्डिंगवर येत नाही. आता धाकटा दहावीत आहे, अकरावीला शाळा बदलायची का असं सगळे विचारून राहिलेत, तर या वेळी मी वही घेऊन बसले. त्या वहीतलंच इथे लिहिते.

सगळ्यात आधी छेद शोधा. होर्डिंगवर कायम वरचा आकडा असतो, खालचा नसतो. "62 सिलेक्शन" लिहिलंय, पण बॅच 70 ची का 300 ची? विचारायचा प्रश्न असा की मागच्या वर्षी बारावीला एकूण किती मुलं होती आणि त्यातली किती आता कुठल्या कॉलेजात प्रत्यक्ष बसतायत. "किती सिलेक्शन झाले" असं विचारलंत की गेलात कामातून, कारण सिलेक्शन मोजताना एकच मुलगी इंजिनिअरिंगला बिट्समध्ये, वेल्लोरच्या व्हीआयटीत, आपल्या इंदूरच्या एसजीएसआयटीएसमध्ये आणि अजून दोन ठिकाणी मोजली जाते. परदेशाचं तर विचारूच नका, अमेरिकेच्या कॉलेजांचा जो एकच अर्ज असतो त्या कॉमन ॲपवर एक मूल वीस कॉलेजांना अर्ज करू शकतं आणि इंग्लंडच्या तसल्याच यूकासवर पाच ठिकाणी. तीन हुशार पोरं मनावर घेतील तर अख्खा पट्टा भरून टाकतील.

मग "क्वालिफाइड" हा शब्द दिसला की थांबा. मेडिकलच्या नीटला 2024 मध्ये 23 लाखांवर मुलं बसली आणि 13 लाखांवर क्वालिफाय झाली, म्हणजे अर्ध्याहून जास्त, आणि सरकारी एमबीबीएसच्या सीट त्यासमोर काहीच नाहीत. इंजिनिअरिंगच्या जेईईत "ॲडव्हान्ससाठी क्वालिफाइड" म्हणजे मेन या पहिल्या परीक्षेतून पुढे पाठवलेल्या अडीच लाखांतला एक, आयआयटी नव्हे. 2024 ला ॲडव्हान्स देणाऱ्यांतली 48 हजार पास झाली आणि सगळ्या 23 आयआयटी मिळून सीट होत्या साडेसतरा हजारांच्या वर थोड्या. पर्सेंटाइलचं पण तसंच. मेनला साधारण पंधरा लाख मुलं बसतात, 99 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या लेकराच्या पुढे पंधराएक हजार उभे आहेत, चांगलंच आहे हो, पण आत्याबाई फोनवर ओरडतात तेवढं नाही. आणि "100 पर्सेंटाइल" दिसलं की खाली बारीक अक्षरात "फिजिक्स" लिहिलंय का ते चष्मा लावून बघा. रँक असेल तर ती कॉमन रँक का कॅटेगरीची, हेही विचारा. दोन्ही खऱ्याच, पण एकमेकींशी तुलना होत नाही.

एकच चेहरा दोन होर्डिंगवर दिसला तर काय समजायचं? एक शाळेचं, दुसरं भंवरकुआँच्या कोचिंगचं. आमच्या लोकमान्य नगरातला एक मुलगा तर तीन होर्डिंगवर होता, त्याची आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. कोचिंगसाठी सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये नियम केले, की टॉपरचा फोटो छापायचा तर त्याने कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून का फुकट, हे सांगायचं आणि त्याची लेखी परवानगी निकालानंतरच घ्यायची. तेच प्रश्न आपण शाळेलाही करू शकतो ना? हा मुलगा तुमच्याकडे नर्सरीपासून होता का अकरावीला आणलात, त्याची फी माफ होती का, तो वर्गात बसायचा का. शेवटचा जरा गोड बोलून विचारा, कारण सीबीएसईला 75 टक्के हजेरी लागते आणि डमीचं, म्हणजे नाव शाळेत आणि पोर दिवसभर कोचिंगमध्ये असल्या ॲडमिशनचं, नाव काढलं की काउंटरवरच्या मॅडमचा चेहरा बदलतो.

डमीवरून एक गोष्ट सांगते जी आमच्या ओळखीत दोन घरांना फार उशिरा कळली. एनआयटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, अर्ध्या सीट त्या राज्याच्या मुलांना असतात आणि तुमचं राज्य ठरतं बारावी कुठून पास केली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. म्हणजे इंदूरचं पोर कोट्याला जाऊन तिथल्या शाळेत नाव घालून बारावी झालं तर भोपाळच्या मॅनिट या एनआयटीला ते बाहेरचं झालं. नीटचं वेगळं, तिथे 85 टक्के राज्याच्या सीटला आपल्याकडे डोमिसाइल बघतात. तेव्हा अकरावीला शाळा बदलताना आधी एवढं बघा की पोरगं कुठल्या परीक्षेच्या मागे आहे.

आणि आपल्या मराठी घरांतला लाडका गैरसमज, "काही नाही झालं तर पुण्याला इंजिनिअरिंगला सीओईपी आहेच की." अहो, आजोबा साताऱ्याचे होते म्हणून सीट मिळत नाही. दहावी-बारावी इथली आणि आईबाबांचं डोमिसाइल मध्यप्रदेशचं असेल तर महाराष्ट्रासाठी आपण ऑल इंडियावाले, त्या 15 टक्क्यांत जेईई मेनच्या रँकवर भांडायचं. मराठी बोलतो म्हणून सवलत आहे ती कर्नाटक सीमेवरच्या 865 गावांना, होळकरांच्या इंदूरला नाही. माझ्या सासऱ्यांना हे पटायला दोन गणपती लागले.

आता मुद्द्याचं. शाळेचा रिझल्ट तुमच्या कामाचा किती, हे लेकराला कुठल्या दारातून जायचंय त्यावर आहे. परीक्षेच्या दारातून जायचं असेल, म्हणजे जेईई, नीट, लॉची क्लॅट, किंवा आपल्याच राऊजवळच्या आयआयएमचा आयपीएम, म्हणजे बारावीनंतरचा मॅनेजमेंटचा कोर्स, जो 2011 पासून आहे, तर शाळेचं नाव कुणी विचारत नाही. जेईईतून आयआयटी-एनआयटीला जायला बारावीला 75 टक्के नाहीतर बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, एवढं झालं की बाकी रँक. दिल्ली युनिव्हर्सिटीत पूर्वी बोर्डाच्या टक्क्यांवर कटऑफ लागायचा, 2022 पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली, त्यामुळे "आमच्याकडे 40 मुलांना 95 च्या वर" ही जाहिरात आता पूर्वीइतकी दमदार राहिली नाही. या दारासाठी शाळेकडून फक्त वेळ हवा असतो. जानेवारीत मेनच्या आधी सुट्टी देता का, प्री-बोर्ड नेमकी त्याच आठवड्यात ठेवता का, ॲन्युअल डेच्या डान्ससाठी बारावीची पोरं पकडता का. हसू नका, मी हा प्रश्न दोन शाळांत विचारला आणि एका ठिकाणी खरंच पकडतात.

परदेशाच्या दारातून जायचं असेल तर उलटं, तिथे शाळा फार लागते. नववी ते बारावीचे मार्क जातात, काउन्सेलरचं पत्र जातं, इंग्लंडसाठी प्रेडिक्टेड, म्हणजे बारावीला मिळतील असे अंदाजाचे मार्क शाळाच देते, आणि अमेरिकेच्या अर्जाबरोबर एक कागद जातो ज्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. एक-दोन पानांचा असतो, त्यात बॅच केवढी, मार्क कसे देतात, मुलं कुठे कुठे गेली असं साधारण असतं. हा कागद मागा! होर्डिंग तुमच्यासाठी छापतात, पण प्रोफाइल तिकडच्या युनिव्हर्सिटीला जातं म्हणून त्यात शाळा जरा जपून लिहिते. शाळेकडे प्रोफाइलच नसेल, किंवा "ते कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणाले, तर परदेशाचे लोगो विसरून जा, ती मुलं बाहेरचा कन्सल्टंट लावून गेलेली असणार.

काउन्सेलर किती मुलांमागे एक आहे आणि दिवाळीत फोन उचलतो का, हेही विचारा. दिवाळी का? कारण अमेरिकेची अर्लीची, म्हणजे लवकरच्या अर्जाची, तारीख बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर असते. 2024 ला दिवाळी नेमकी तेव्हाच आली, शाळा बंद, ऑफिसला कुलूप, काउन्सेलर गावी, आणि आमच्या पोरीची मार्कांची ट्रान्सक्रिप्ट अपलोडच झाली नव्हती. लक्ष्मीपूजन सोडून मी शाळेच्या चौकीदाराशी बोलत होते, तो बिचारा म्हणाला, "भाभीजी, चाबी तो बडे बाबूके पास है." भाऊबीज झाल्यावर कागद गेले, कॉलेजने मेलवर चालेल म्हणून कळवलं, ॲडमिशन तिथे झाली नाही ती वेगळ्याच कारणाने असेल, पण ते दिवस मी विसरणार नाही. त्याच शाळेच्या पट्ट्यात नंतर तिचे चार लोगो.

पैशाचं आधी बोला, शेवटी नाही. परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याची ऐपत न बघणारी आणि लागेल तेवढी मदत देणारी कॉलेजं मोजकीच, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी, आणि तिथे शिरणं म्हणजे अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यावर पार्किंग मिळण्यासारखं. बाकी बऱ्याच ठिकाणी पूर्ण फी भरणारं मूल आणि मदत मागणारं मूल एकाच रांगेत नसतात. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या साथीदारांनी 2023 मध्ये दाखवलं, की सारखेच मार्क असताना सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना या बड्या कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त संधी मिळते, आणि त्यातलं एक कारण म्हणजे महागड्या खाजगी शाळांतल्या मुलांना अभ्यासाबाहेरच्या गोष्टींत मिळणारं जास्त रेटिंग. ते तिकडच्या मुलांबद्दल आहे, पण आपल्याकडच्या लोगोंकडे बघतानाही एक प्रश्न डोक्यात ठेवा, हे शाळेमुळे झालं का घरामुळे? ज्या घरात दोन पिढ्या बाहेर शिकल्यात, फॅक्टरी आहे, उन्हाळ्यात पोरगं बॉस्टनला समर प्रोग्राम करून येतं, ते कुठल्याही शाळेतून गेलंच असतं.

म्हणून टॉपरला भेटू नका. टॉपर कुठेही टॉपरच. मधल्या मुलाला शोधा, बॅच 120 ची असेल तर साठाव्या नंबरचा कुठे आहे ते बघा. शाळा त्याचं नाव सांगणार नाही, पण इंदूर अजून एवढं मोठं झालेलं नाही, कुणाची तरी मावशी त्या शाळेत असतेच. संध्याकाळी छप्पन दुकानवर जा, मागच्या वर्षीची पास झालेली पोरं सुट्टीत आली की तिथेच सापडतात, दोन हॉट डॉग खाऊ घाला आणि विचारा की मॅथ्सला अर्ध्या वर्षात सर बदलले का, काउन्सेलर सगळ्यांशी बोलतो का पहिल्या दहांशीच, ड्रॉप किती जणांनी घेतला. हे ड्रॉपचं नक्की विचारा, कारण दुसऱ्या वर्षी लागलेलं मूलही होर्डिंगवर येतं आणि मधलं वर्ष त्याने कुठल्या कोचिंगमध्ये काढलं ते येत नाही.

  

एक काम घरबसल्या करा. आयआयटी-एनआयटीच्या सीट वाटणारं जोसा प्रत्येक राउंडच्या ओपनिंग आणि क्लोजिंग रँक वेबसाइटवर टाकतं, फुकट आहे, आयआयटी-एनआयटीची कुठली ब्रँच कितीवर बंद झाली सगळं दिसतं. एसजीएसआयटीएसचं राज्याच्या काउन्सेलिंगमधून होतं, जेईई मेनच्याच रँकवर, ते त्यांच्या साइटवर बघा. होर्डिंगवरची रँक तिथे टाकून बघितली की कळतं हे मूल खरंच कुठे लागलं असेल. आम्ही चिरंजीवांना हेच काम दिलं, एका रविवारी दोन शाळांचे पट्टे घेऊन बसला. एकाचे 41 लोगो होते, त्याने नावं जुळवत जुळवत 17 मुलांवर आणले, बॅच 160 ची. दुसऱ्या शाळेचे लोगो फक्त 12, पण मुलं पण 12, आणि बॅच 54 ची.

दुसरीला आम्ही गुरुवारी जाऊन आलो. प्रोफाइल मागितलं तर प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या परदेशी जाणारी मुलं आमच्याकडे वर्षाला दोन-तीनच असतात, काउन्सेलर वेगळा नाही, मीच पत्रं लिहिते. जानेवारीच्या सुट्टीचं विचारलं तर लेखी सर्क्युलर काढून दाखवलं. पोराने एकच विचारलं, फुटबॉलचं ग्राउंड कितीला बंद होतं.